वासराचा वाटा

पहाटे ४

भांबोलीहून फोन आला. संकरित पहिलारू, मध्यरात्रीपासून कळा देतेय, दोन खूर दिसतात पण नाक दिसत नाही. भाद्रपदातली झड लागलेली. आंबेठाणच्या रस्त्याला या वेळीही कंटेनर उभे असतात, दोन्ही अंगांना कारखान्यांचे दिवे, आणि मधेच एखाद्या कंपनीच्या कुंपणाला लागून उकिरडा, कडब्याची गंज, पत्र्याचा गोठा. एमआयडीसीला जमिनी गेल्या तरी इथल्या घरांनी दावण मोडलेली नाही.

वासराची मान मागे वळली होती. कोपराच्या वर हात घालून जबडा सापडला, तोंड वाटेवर आणलं, मग बाकीचं गायीनेच केलं. कालवड झाली. नाकातोंडातला चिकटा काढला, भाताच्या पेंढ्याने अंग खसाखसा चोळलं, नाळ पोटापासून दोन इंचांवर बांधून कापली आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलं. हे शेवटचं काम इकडे हमखास राहून जातं. ओल्या जमिनीवरचे जंतू याच नाळेतून आत शिरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजलेलं वासरू दाखवायला बोलावणं येतं.

"लहानच हाय की ओ मॅडम," घरातली आजी म्हणाली. खरं होतं. पंचवीसेक किलो भरली असती. पहिलारू गायीचं अंग अजून भरायचं असतं, त्यामुळे तिचं वासरू मोठ्या गायीच्या वासरापेक्षा हलकं जन्मतं. त्यात गर्भाच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. नेमक्या त्याच महिन्यांत गाभण कालवडीला गोठ्याच्या टोकाला बांधून उसाचे वाढे आणि कडबा टाकला जातो, कारण पेंड दुभत्या जनावराची. वासराची वाढ मोजायला आपण जन्मापासून सुरुवात करतो. ती त्याच्या नव्वद दिवस आधीपासून मोजायला हवी, असं मी प्रत्येक गोठ्यात सांगत आले आहे.

पहाटे ५

आता चीक. आजीने पातेलं आणून ठेवलं होतं. पहिल्या चिकाचा खरवस देवापुढे ठेवायचा, मग भावकीत वाटायचा. मी पातेलं हातात घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसले.

माणसाचं बाळ आईच्या पोटातच तिच्याकडून बरीचशी रोगप्रतिकारशक्ती घेऊन येतं. गायीच्या वारेतून ती वासरापर्यंत पोचतच नाही. वासरू कोऱ्या अंगाने जन्मतं आणि त्याची सगळी ढाल चिकात असते. ही ढाल आतड्यातून रक्तात जाण्याची वाट जन्मल्याबरोबर पूर्ण उघडी असते, सहा तासांत बरीच अरुंद होते आणि चोवीस तासांत बंद होते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी तो पोटात जातो, रक्तात जात नाही. हिशेब साधा आहे: वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, आणि सव्वा लिटर आत्ता, उजाडायच्या आत.

वार पडायची वाट बघायची नाही, हेही सांगावं लागतं. वार पडल्याशिवाय वासराला सडाला लावायचं नाही असा समज या भागात घट्ट आहे, आणि त्यात तीन-चार तास सहज जातात. उलट, वासरू ढुसण्या देऊन प्यायला लागलं की गायीच्या गर्भाशयाला कळा येतात आणि वार लवकर सुटते.

आजीने ऐकून घेतलं. "मग देवाचा?" दुसऱ्या दिवशीच्या धारेचा, मी म्हटलं. तोवर वासराचं पोट भरलेलं असतं आणि खरवसही जमतो. त्यांनी पातेलं उचलून आत नेलं आणि बाटली घेऊन आल्या.

सकाळी ६:३०

पहिली पाळी सातची. कंपन्यांच्या बसगाड्या फाट्यावर लागतात आणि गावातली निम्मी तरुण माणसं अर्ध्या तासात दिसेनाशी होतात. त्याच अर्ध्या तासात धारा संपवायच्या, किटली संकलन केंद्रावर पोचवायची, शेण ओढायचं. घाई सगळ्यात जास्त कोणाला भोवते तर वासराला. चारही सड झटपट पिळून काढले जातात, तळाला काय राहील ते वासरू ओढतं, किंवा त्याची पाळी थेट संध्याकाळी येते.

या पट्ट्यात चारा विकत मिळतो. हत्तीगवताच्या मोळ्या, मुरघासाच्या गोण्या, सरकी पेंड, गोळी पेंड, जे म्हणाल ते दारात येतं. घरातल्या माणसाचा वेळ मात्र विकत मिळत नाही. वासराला दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळेला कोमट दूध पाजणारा, त्याची शेपटी ओली आहे का हे बघणारा, कान लोंबलेले दिसले तर थांबणारा एक माणूस लागतो. ज्या घरात असा माणूस आहे तिथली वासरं मी दुरून ओळखते. बहुतेक घरांत ती सासू किंवा सून असते. केंद्रावर मात्र दूध नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने जातं, आणि वासरांविषयीचं शिबिर भरलं की निमंत्रण त्या नावाने निघतं. हे बदलल्याशिवाय आमचं सांगणं जिथे पोचायला हवं तिथे पोचणार नाही.

सकाळी ९

शनिवार, म्हणजे चाकणचा जनावरांचा बाजार. कांद्या-बटाट्याच्या आवकेमुळे चाकणचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच बाजार समितीच्या आवारात जर्शी गायी, म्हशी, बैल आणि शेळ्यामेंढ्या उभ्या असतात. खेड-मावळात पोळा भाद्रपदी अमावास्येचा, त्यामुळे आज गोंडे, वेसणी, म्होरक्या, घुंगुरमाळा आणि हिंगुळाच्या डब्यांची दुकानंही मांडलेली.

मी खिलार खोंडांपाशी थांबते. दर वेळी थांबते. वर्षाच्या आतलं आदत खोंड, पांढरंशुभ्र, पाठ सरळ, छाती भरलेली, कातडी रेशमासारखी सैल. त्याच्या मालकाने सांगितलं, "आईचं सगळं दूध यानंच पिलंय. घरात चहाला पण इकतचं." खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. खिलार गाय मुळात दोन-तीन लिटर देणारी, आणि बैल घडवायचा असेल तर ते दूध काढायचं नाही, हा या भागातला जुना शिरस्ता आहे.

या शिरस्त्याला मधली काही वर्षं उतरती कळा लागली होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळातल्या यात्रांमधले घाट ओस पडले आणि खोंड पाळायला पैसा घालणारे हात आखडले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींना मुभा दिली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदाही उचलून धरला, आणि खोंडांच्या किमती पुन्हा चढल्या. शर्यतीत जनावराला होणाऱ्या त्रासाविषयी माझं मन स्वस्थ नाही. घाटाखाली उभं राहून मी पराणीच्या जखमा शिवलेल्या आहेत. पण वासराच्या पहिल्या वर्षाविषयी विचाराल, तर या पट्ट्यात सगळ्यात नीट वाढवलेलं वासरू शर्यतवाल्याच्या दावणीला असतं.

जगात दुसरीकडे हीच पद्धत वेगळ्या हेतूने चालते. अमेरिकेतल्या मांसासाठी पाळलेल्या हेरफर्ड, अँगससारख्या जातींत गायीची धार कोणी काढत नाही. वासरू सहा-सात महिने आईमागे कुरणात फिरतं आणि सगळं दूध पितं. मग दूध तोडताना त्याचं वजन करतात आणि ते २०५ दिवसांच्या वयावर आणून एकमेकांशी ताडून बघतात. ताडताना दोन गोष्टींची भर घालतात. एक, वासरू नर की मादी, कारण नर जन्मतःच जड आणि वाढायलाही वेगवान. दुसरी, आईचं वय. दोन वर्षांच्या आईच्या नर वासराच्या वजनात त्यांच्या प्रमाण कोष्टकानुसार सुमारे २७ किलो मिळवले जातात, कारण तिला दूध कमी असतं आणि तो दोष वासराचा धरायचा नसतो. पहाटेच्या आजींना जे "लहानच हाय" वाटलं, त्याचा तिकडे असा आकडा काढून ठेवलेला आहे. आपल्याकडे अशी नोंद गोठ्याच्या भिंतीवर खडूने ठेवली तरी पुष्कळ कळेल.

दुपारी १२

कुरुळीत दोन शेजारी, भाऊबंदच. दोघांकडे आठवड्याच्या अंतराने झालेल्या कालवडी, दोन्ही आता दोन महिन्यांच्या, एकाच वळूच्या रेतमात्रेच्या. मी शिंप्याची टेप काढली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. वजनकाट्याइतकं नेमकं नाही, पण दर महिन्याला त्याच हाताने मोजलं तर फरक लपत नाही.

पहिलीचा घेर ३६, लांबी २९. सत्तावन्न किलो. दुसरीचा घेर ३२, लांबी २६. चाळीस.

दोघी तीस किलोच्या आसपास जन्मल्या असं धरलं, तर एक दिवसाला साडेचारशे ग्रॅमने वाढली आणि दुसरी पावणेदोनशेने. संकरित कालवडीकडून या वयात रोज चारशे-पाचशे ग्रॅमची अपेक्षा असते. दुसरीचं पोट घड्यासारखं सुटलेलं, केस राठ, बरगड्या मोजून घ्याव्यात. घरचे म्हणाले, "खाती तर लय." खातच होती, पण वाळका कडबा. तिथे गाडं अडलं होतं.

वासराच्या चार कप्प्यांपैकी जन्मताना चौथाच कामाचा असतो. तिथे दूध पचतं. मान वर करून चोखताना अन्ननळीच्या टोकाशी एक घडी मिटते आणि दूध पहिल्या कप्प्याला टाळून थेट तिथे उतरतं. पहिला कप्पा, ज्याच्या बळावर ती पुढे गवत खाऊन दूध देणार, तो या वयात लहान आणि गुळगुळीत असतो. त्याच्या आतल्या बाजूला जे लवेसारखे उंचवटे वाढतात, ते धान्य आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरखाद्य तोंडाला लावायचं, शेजारी स्वच्छ पाण्याचं घमेलं ठेवायचं, आणि कोवळा लसूणघास थोडा थोडा. पाणी नसेल तर खाद्य आंबत नाही. "दूध पितीय की, पाणी कशाला" हे वाक्य ऐकलं की मी आधी घमेलं मागवते. नुसत्या कडब्याने पोट ताणतं, कप्पा पिकत नाही.

पहिल्या घरी आणखी एक गोष्ट होती. भंगारवाल्याकडून आणलेली कंपन्यांची लाकडी पॅलेट जमिनीवर मांडून त्यावर पेंढा टाकला होता. मूत खाली जातं, वासरू कोरडं राहतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर बसलेलं वासरू खाल्लेल्यातलं बरंचसं अंग गरम ठेवण्यातच घालवतं, आणि साचलेल्या मुताच्या वाफेने फुप्फुसं धरतात ती वेगळीच. या पट्ट्याला कारखान्यांनी दिलेल्या गोष्टींत ती पॅलेटं मला फार मोलाची वाटतात.

दुपारी ३

निघोजे. पाळी सुटते, दुसरी भरते, रस्ता तासभर हलत नाही. इथे मी एक गोऱ्हा बघायला आले, आठ दिवसांचा, हगवण लागलेला. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. सलाइन लावलं, तोंडाने मीठ-साखर-सोड्याचं पाणी सुरू केलं. विचारल्यावर कळलं की त्याला पहिल्या दिवशी चीक फारसा मिळाला नव्हता.

होल्स्टीन किंवा जर्शी संकराचा नर आज महाराष्ट्रात कोणालाच नको आहे. ट्रॅक्टर आल्यावर शेताला नको, खांदा नसल्यामुळे शर्यतीला नको. कत्तलबंदीच्या कायद्यातल्या, १९९५ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे पुष्कळ आहेत. गोठ्यात त्याचा परिणाम असा दिसतो की जन्मल्या दिवसापासून या वासराचा वाटा कापला जातो. कोणी मारत नाही, पाजत नाही. हे मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि त्याची सवय झालेली नाही.

यावर हाताशी असलेला एक उपाय म्हणजे लिंगनिर्धारित रेतमात्रा. तिने दहातली नऊ वासरं मादी होतात. मात्रा महाग पडते आणि साध्या मात्रेपेक्षा गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, म्हणून मी ती आधी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींना सुचवते. निघोज्यातल्या घरी पुढच्या वेळेला तीच भरायची ठरलं. गोऱ्ह्याला सलाइननंतर दोन तासांनी अर्धा लिटर दूध द्यायचं, दूध पूर्ण तोडायचं नाही, हेही लिहून दिलं. हगवणीत दूध बंद केलं की वासरू उपाशीच जातं.

संध्याकाळी ५:३०

नदी ओलांडून चिखली. सोसायट्यांच्या मधोमध उरलेले म्हशींचे गोठे. पलीकडच्या इमारतींत रतीब जातो. श्रावणापासून पुढे म्हशी व्यायच्या दिवसांत इथे एका रांगेत दहा-बारा रेडकं बांधलेली दिसतात.

म्हशीच्या पारड्याचा शत्रू वेगळा आहे. मोठ्या गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच त्याच्या पोटात येतात, त्यामुळे कितीही स्वच्छता ठेवली तरी ते सुटत नाही. तीन-चार आठवड्यांत पोट फुगतं, शेण मातकट-पांढरं आणि घाण वासाचं होतं, आणि एका सकाळी पारडू उठत नाही. दहा ते पंधरा दिवसांच्या मधे पायपराझिनचा एक डोस, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला जंतनाशक. औषधाची बाटली चहा-वड्याच्या पैशात येते. आज सगळ्यांना पाजलं. प्रत्येकाचा जबडा धरणारा गोठेवाल्यांचा दहावीतला मुलगा होता. वजनाप्रमाणे मात्रा किती हे तो माझ्याआधी सांगत होता.

चार महिने झालेल्यांच्या कानात बिल्ले मारले. लाळ-खुरकुताची पहिली लस त्याच वयात, माद्यांना चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदाच ब्रुसेल्लाची, सहा महिन्यांनंतर घटसर्प आणि फऱ्याची. २०२२ च्या लंपीने गायीच्या वासरांचे जे हाल केले, ते बघितलेल्या माणसाला लसीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

रात्री ८:३०

भामा नदीच्या काठच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. फॅट-डिग्री झाली, किटल्या धुऊन पालथ्या पडल्या, आणि बाकावर पंधरावीस जण बसले. या वेळी बायकांनाही बोलवा असा मी हट्ट धरला होता. नऊ जणी आल्या.

वासराला तीन महिने दूध पाजायचं तर किती जातं, हा पहिलाच प्रश्न. पहिल्या महिन्यात रोज वजनाचा दहावा हिस्सा, दुसऱ्यात पंधरावा, तिसऱ्यात विसावा. सगळं मिळून अडीचशे-पावणेतीनशे लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर साडेसात-आठ हजार. एवढा आकडा ऐकून बाकावर शांतता पसरली, आणि ती मला समजते. दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर घर चालतं तिथे ही रक्कम लहान नाही.

मग मी कॉर्नेल विद्यापीठाच्या गोठ्यातल्या नोंदींचं सांगितलं. २०१२ साली तिथल्या अभ्यासकांनी हजारांवर कालवडींच्या वाढीची आणि पुढच्या दुधाची सांगड घातली. दूध तोडण्यापूर्वीच्या रोजच्या वाढीत किलोभराचा फरक असेल, तर पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो दुधाचा फरक पडतो, असं त्यांना आढळलं. आपल्या कालवडीत किलोचा फरक पडणार नाही. कुरुळीत दुपारी मोजलेला फरक पाव किलोच्या थोडा वर आहे. त्याच प्रमाणाने धरलं तर एका वेतात सव्वादोनशे-अडीचशे किलो. त्यांच्या गायी, त्यांचा चारा आणि त्यांची हवा वेगळी, त्यामुळे आकडा तसाच्या तसा उतरणार नाही, हेही सांगितलं. शिवाय नीट वाढलेली कालवड अडीचशे किलोला लवकर पोचते, वेळेवर माजावर येते, आणि वर्षभर आधी व्याली तर त्या वर्षाचा चारा वाचतो.

"मंजी पाजलेलं दूध बुडत न्हाई," एक बाई म्हणाल्या. पहिल्याच वेतात सगळं फिटतं असं नाही, मी म्हटलं, पण चारा आणि वेळ मिळवला तर फिटतं.

चिकाचा मुद्दा त्यांनीच काढला. मोठ्या गायीचा चीक सहा-सात लिटर निघतो, वासराला पाजून उरतो. पहिलारूचा कधी पुरत नाही, कधी गाय वेतातच मरते. मग उरलेला चीक ठेवता येईल का? येतो. बाटल्यांत भरून गोठवला तर वर्षभर टिकतो. वापरताना हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बाटली ठेवायची, उकळायचा नाही, नाहीतर ढालच जळते. फक्त ज्या गायीची ब्रुसेल्ला आणि क्षयाची तपासणी झालेली आहे, कासेला दाह नाही, आणि जिचं दुसरं-तिसरं वेत झालं आहे, तिचाच चीक घ्यायचा. रोगी गायीचा चीक गावभर पाजला तर आपणच रोग वाटू.

केंद्राच्या खोलीत आइस्क्रीमवाल्याकडून आलेला जुना फ्रीझर आहे. तो दुरुस्त करायला सचिवांनी होकार दिला. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर बराच वेळ गेला, कारण वेत रात्रीच होतं आणि केंद्र नऊला बंद. शेवटी केंद्राला लागून घर असलेल्या एका बाईंनी ती मागून घेतली. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही पाळीला जातात, त्या घरीच असतात. कोणत्या गायींचे रक्तनमुने घ्यायचे त्यांची यादी मी तिथेच करायला घेतली. बाटलीवर गायीच्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, कितवं वेत आणि पहिल्या धारेचा की दुसऱ्या, एवढं लिहायचं ठरलं. सोमवारी सकाळी साडेआठला नमुने, पहिल्या पाळीवाल्यांच्या घरी त्याआधी.